कूलंटच्या टाकीत तेल: जपलेली स्पोर्ट्स कार विकताना होणारी फसवणूक

फेरारी किंवा लॅम्बोर्गिनी खासगीत विकायला काढली की मालकाचं सगळं लक्ष पैसे बुडण्याकडे असतं. पैसे बुडतातही. पण भाव पाडला जातो तो त्याच्या आधी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आणि त्यात जपलेलीच गाडी सापडते. हयगय झालेल्या गाडीचा मालक घासाघिशीच्या तयारीनेच बसलेला असतो. वर्षानुवर्षं एकाच वर्कशॉपला सर्व्हिस केलेल्या गाडीच्या मालकाला मात्र 'इंजिन गेलंय' म्हटलं की घाम फुटतो.

ब्रिटनमध्ये हा डाव जुना आहे, तिथले पोलीस त्याबद्दल लोकांना सावध करत आलेत. मुंबईत खेळायला त्यात काही बदलावं लागत नाही.

गाडी बघायला तिघं येतात. एक बोलका, एक 'आपला मेकॅनिक' आणि एक मुका. लक्ष त्या मुक्यावर ठेवायचं. फेरारीच्या ३६०, एफ४३०, ४५८ आणि लॅम्बोर्गिनीची गॅलार्डो या सगळ्यांचं इंजिन मागे आणि डिकी पुढे. बोलका पुढचं झाकण उघडायला लावतो. टूलकिट आहे का, चामडी पाउचमधली पुस्तकं आहेत का, टायरचा किट मूळचाच आहे का? प्रश्न रास्तच असतात, या वस्तू वेगळ्या विकत घ्यायला गेलं तर बरीच रक्कम मोजावी लागते. पण मालक पुढे वाकलेला, समोर उघडं झाकण, आणि मागे इंजिनाशी काय चाललंय ते त्याला दिसत नाही. थंड इंजिनाच्या कूलंट टाकीचं (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या टाकीचं) बूच फिरवून बाटलीभर इंजिन ऑइल ओतायला मिनिटही लागत नाही. थोडं तेल सायलेन्सरच्या तोंडाशी सोडलं जातं.

मग चक्कर. मुका आपल्या गाडीतून मागे येतो. सायलेन्सर तापला की तेल जळून निळसर धूर निघतो, मागून फोन येतो, गाडी बाजूला घेतली जाते. इंजिनाचं झाकण उघडतात, टाकीत तेल तरंगताना दिसतं. "साहेब, हेड गॅस्केट गेलं. इंजिन उतरवावं लागेल, पार्ट बाहेरून येणार." पाच मिनिटांच्या शांततेनंतर बोलका 'तुमची अडचण नको' म्हणून निम्म्या-पाऊण भावात गाडी आहे तशी, आजच्या आज, रोखीने उचलायला तयार होतो.

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, खरंच गेलेलं असलं तर चित्र वेगळं दिसतं. तेल आणि कूलंट पंपातून घुसळून निघालेलं असतं, बुचाच्या आतल्या बाजूला कॉफीवरच्या फेसासारखा तपकिरी चिकटा बसतो. एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो, तापमानाचा काटा चढतो, कूलंट कमी होत जातं. ओतलेलं तेल मात्र स्वच्छ, सोनेरी, वरच्यावर थर करून असतं. शंका राहिलीच तर ब्लॉक टेस्ट करून घ्यावी. टाकीतली हवा निळ्या द्रवातून ओढतात, ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर द्रव पिवळा होतो. त्यापुढे सगळ्या सिलिंडरची लीकडाउन टेस्ट, म्हणजे प्रत्येकात दाबाने हवा भरून ती किती गळते ते बघणं. ठगाला 'चला, आत्ताच वर्कशॉपला नेऊ, तपासणीचा खर्च माझा' एवढं म्हणून बघा. त्याला अचानक दुसरं काम आठवतं.

तेल दिसलं की इंजिन पुन्हा चालू करू नये. थर वर आहे तोवर सिरिंजने ओढून काढता येतो. एकदा ते रेडिएटर आणि पाइपांमध्ये फिरलं की पुन्हा पुन्हा फ्लश करावं लागतं आणि रबरी होज फुगून मऊ पडतात. गरम टाकीचं बूच तर कोणालाच उघडू देऊ नका, उकळतं कूलंट तोंडावर उडतं.

याचीच आणखी दोन रूपं आहेत. एक, थंड इंजिनाची डिपस्टिक (तेलाची पातळी मोजायची पट्टी) ओढून 'तेल कमी आहे, इंजिन तेल खातंय' म्हणणं. या गाड्यांना ड्राय सम्प असतो, तेल वेगळ्या टाकीत राहतं, पातळी गरम इंजिन आयडलवर चालू ठेवून बघायची असते. थंड रीडिंगला अर्थ नाही. दुसरं, एफ१ गिअरबॉक्सची (क्लचचं पेडल नसलेली, क्लच आपोआप दाबला जाणारी) गाडी पार्किंगच्या चढावर मुद्दाम रिव्हर्समध्ये इंच इंच रेटणं. क्लच जळल्याचा वास येतोच, आणि मग 'क्लच संपला'. यावर उपाय म्हणजे जाहिरात देण्याआधीच वर्कशॉपच्या डायग्नोस्टिक कॉम्प्युटरवरून क्लच वेअरच्या टक्केवारीचा प्रिंटआउट काढून ठेवणं, आणि चढावर गाडी स्वतः चालवणं. एफ४३०चा टायमिंग बेल्ट कधी बदलला असं विचारणारा 'मेकॅनिक' भेटला तर ओळखावं, कारण तिला चेन आहे. बेल्ट ३६०ला असतो. बटणांवरचा चिकटपणा मात्र खरा दोष आहे, मुंबईच्या दमट हवेत तो लवकर येतो. त्याचे पैसे कमी करायला हरकत नाही.

पाहुणे यायच्या आधी टाकी, बूच, डिपस्टिक यांचा व्हिडिओ काढा, बुचावर आणि टाकीवर मिळून पेंटपेनने एक रेघ मारा. गाडी सीसीटीव्हीखाली लावा. घरचं एक माणूस कायम इंजिनाशी उभं करा, पुढे डिकीत काय बघायचं ते बघू देत.

आता पैसे. रोख २ लाख किंवा त्याहून जास्त घेतली तर आयकर कायद्यानुसार घेणाऱ्यालाच तेवढा दंड होऊ शकतो, म्हणजे त्या 'आजच्या आज रोख'चा फास तुमच्याच गळ्यात. आरटीजीएस करून घ्यावं. स्क्रीनशॉट आणि एसएमएस बनावट निघतात, म्हणून रक्कम स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये दिसल्याशिवाय किल्ली हलवायची नाही. डिमांड ड्राफ्टच हवा असेल तर तो देणाऱ्या शाखेत सोबत जाऊन समोर काढून घ्या.

कागदांत सगळ्यात महाग पडतो तो सही केलेला कोरा टीटीओ सेट, म्हणजे मालकी बदलण्याच्या फॉर्मचा संच. फॉर्म २९ आणि ३० वर खरेदीदाराचं नाव, पत्ता, तारीख भरल्याशिवाय सही नको, आणि आरटीओचा ओटीपी एजंटला फोनवर सांगणं नको. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नाव बदललं नाही आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केलंय. गाडी 'पार्क अँड सेल'साठी, म्हणजे तुमच्या वतीने विकायला, डीलरकडे ठेवणार असाल तर त्याचं आरटीओचं अधिकारपत्र बघा आणि फॉर्म २९सी (गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना) भरून घ्या. एप्रिल २०२३ पासून ही सोय आहे.

गाडी देताना डिलिव्हरी नोटवर तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून दोघांच्या सह्या घ्या. फास्टॅग बंद करा. विम्यावरचा नो क्लेम बोनस तुमचा आहे, गाडीसोबत जात नाही. कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं तर तीन वर्षांपर्यंत पुढच्या गाडीला लावता येतं.