बाहुलीघराच्या भिंती: रंग की कागद?

एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) भिंत रंगवायची तर आधी प्राइमर, मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर, मग अ‍ॅक्रिलिकचे दोन पातळ हात. कापलेल्या कडा पाणी पिऊन फुगतात. तिथे प्राइमर दोनदा द्या. खोबणीत रंग साचला तर भिंती बसतच नाहीत, म्हणून ती टेपने झाका.

नक्षीचा छापील कागद जास्त देखणा, पण हट्टी. पातळ फेविकॉलने तो फुगून सुरकुततो, इंकजेट प्रिंटरवर छापलेला असेल तर शाई पसरते. वडोदऱ्याच्या पावसाळ्यात तर सुकायलाही वेळ लागतो. त्यापेक्षा तो भिंतीच्या मापाच्या कार्डशीटवर ग्लूस्टिकने चिकटवा, खिडकी कापा, दिव्याची वायर मागे दडवा आणि कार्ड दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपच्या चार तुकड्यांवर बसवा. वायर तुटली तर ते सोडवता येतं. दिवे असतील तर कागदच घ्या. १:२४ च्या, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढ्या मापाच्या खोलीत मात्र रंग बरा. मोठी नक्षी तिथे प्रमाण बिघडवते.