आधी सिनेमा करा, मग बघा: न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेज

नातवंडांना घेऊन कुठे जायचं, हा प्रश्न अमेरिकेत मुलांकडे राहायला येणाऱ्या आम्हा आजी-आजोबांना दर शनिवारी पडतो. बाग झाली, मॉल झाला, मंदिर झालं, मग पुढे काय? जर्सी-न्यूयॉर्कच्या बाजूला असाल तर मी एकच नाव सांगेन: क्वीन्समधल्या अ‍ॅस्टोरियाचं म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेज. सिनेमा, दूरदर्शन आणि व्हिडिओ गेम कसे तयार होतात ते दाखवणारं हे संग्रहालय. शनिवार-रविवारी आणि शाळांच्या सुट्ट्यांत इथे मुलांना घेऊन बघण्याजोगे सिनेमे लावतात, जोडीला हाताने काही करायच्या कार्यशाळाही असतात. मी कोल्हापूरची, सगळी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. मुलांच्या हाताला काम देणारी जागा मला लगेच ओळखू येते, आणि ही तशी जागा आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण इथल्या भेटीची सगळी मजा तिच्यावर आहे. सिनेमाच्या वेळेला धावतपळत पोचू नका. दोन तास आधी जा आणि 'बिहाइंड द स्क्रीन' हे मुख्य दालन आधी बघा. सिनेमा त्यानंतर.

त्या दालनात स्टॉप-मोशनची टेबलं आहेत. वर कॅमेरा, खाली हलवायचे आकार, आणि एक बटण. आकार सरकवायचा, बटण दाबायचं, पुन्हा सरकवायचा, पुन्हा दाबायचं. माझा पाच वर्षांचा नातू सुरुवातीला एकदम वीतभर सरकवत होता. चालवून पाहिलं तर त्याचा मासा बेडकासारखा उड्या मारत गेला. नऊ वर्षांच्या नातीने ते पाहिलं आणि त्याचं बोट धरून म्हणाली, "एवढंसंच, नखाएवढं." मग दोघं नखानखाने सरकवायला लागली. मी मदतीला वाकले तर, "आजी, हात काढ ना, फोटोत येतोय!" बघता बघता मासा खरोखर पोहायला लागला. तो पोहताना दोघांचे चेहरे बघायला हवे होते. एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात हे मी वर्गात खडूने फळ्यावर लिहून कितीदा सांगितलंय. पण ते बोटांना कळणं वेगळं.

तिथेच मी त्यांना दादासाहेब फाळक्यांची वाटाण्याची गोष्ट सांगितली. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याचं रोप वाढताना एकेक फ्रेम टिपत राहिले. अंकुर फुटून वेल वर चढतो हे सगळं पडद्यावर मिनिटभरात दिसलं, आणि ते बघून त्यांना सिनेमासाठी भांडवल मिळालं. "म्हणजे त्यांनी आपल्यासारखंच केलं?" नात म्हणाली. हो, अगदी हेच. फक्त आपला मासा आपल्याला सरकवावा लागतो, वाटाणा आपला आपण सरकला.

पुढे आवाजाचे कक्ष आहेत. एकात सिनेमातल्या प्रसंगाला आपला आवाज द्यायचा. पडद्यावरचे ओठ हलले की बोलायचं, थांबले की थांबायचं. नातू पहिल्या झटक्यात मराठीतच ओरडला आणि ते वाक्य त्या गोऱ्या नटाच्या तोंडी असं काही बसलं की रांगेतली अनोळखी मंडळीसुद्धा हसली. दुसऱ्या ठिकाणी प्रसंग तोच ठेवून त्याखालचे आवाज बदलून बघता येतात. पावलांचा आवाज काढला की चालणारा माणूस हलका, खोटा वाटायला लागतो. मोठ्यांनीही हे जरूर करून बघावं. आणखी एका ठिकाणी कॅमेऱ्यासमोर उड्या मारायच्या, हातवारे करायचे, आणि त्याचं फ्लिपबुक, म्हणजे पानं भरभर उलटली की चित्र हलतं अशी वही, तयार होतं. छापील प्रत हवी असेल तर दुकानातून विकत घ्यावी लागते. घ्या. बाकी काही खेळणी नाही घेतली तरी चालेल.

वेगळ्या दालनात अमेरिकन बाहुलीकार जिम हेन्सन यांचं प्रदर्शन आहे. ते २०१७ सालापासून इथे कायमचं आहे. आपल्या पिढीला हे नाव कदाचित माहीत नसेल, पण ज्यांच्या मुलांनी टीव्हीवर 'गली गली सिम सिम' पाहिलंय त्यांच्या घरात यांच्या बाहुल्या येऊन गेल्या आहेत. मूळ अमेरिकन 'सेसमी स्ट्रीट'चं चित्रीकरण या संग्रहालयाच्या शेजारच्याच स्टुडिओत होतं. हेन्सननी १९५५ साली पहिला कर्मिट बेडूक आपल्या आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून शिवला आणि डोळ्यांना पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून लावला. हे ऐकल्यापासून नात घरातल्या जुन्या कपड्यांवर डोळा ठेवून आहे. या दालनात बाहुली हातात घालून ती समोरच्या मॉनिटरवर बघता येते. हेन्सनची खरी युक्ती हीच: हात उंच धरायचा, पण नजर बाहुलीकडे न ठेवता मॉनिटरवर ठेवायची, म्हणजे प्रेक्षकाला जे दिसतं तेच बाहुली हलवणाऱ्याला दिसतं. मी सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहिलेला आहे. तिथे बाहुलीवाल्याचं सगळं लक्ष दोरीत आणि बोटांत. इथे ते पडद्यात. दोन्ही करायला मनगट मात्र तितकंच तयार लागतं, माझं दोन मिनिटांत भरून आलं.

एवढं झाल्यावर आम्ही सिनेमाला गेलो. मोठं रेडस्टोन थिएटर २६७ खुर्च्यांचं, भिंती गडद, ठसठशीत निळ्या. इथे डिजिटलबरोबर ३५ आणि ७० मिलिमीटरची खरी फिल्मही दाखवता येते. आम्ही गेलो त्या दिवशी जुना विनोदी मूकपट होता आणि पडद्याशेजारी पियानोवादक बसलेले. आपल्याकडेही मूकपटांच्या काळात थिएटरात तबला-पेटी वाजायची, त्यामुळे मला ते अगदी घरचं वाटलं. नातू सुरुवातीला विचारत होता, "बोलत का नाहीत?" पाचव्या मिनिटाला तो विसरला. नायक घसरला की पियानो घसरतो, पळाला की पियानो पळतो. आवाजाच्या कक्षातून आलेल्या नातीने लगेच ओळखलं आणि माझ्या कानात म्हणाली, "ते काका बघून वाजवतायत, पाठ नाही." मी वादकाकडे पाहिलं. खरंच, त्यांची मान पडद्याकडे वळलेली, हात आपोआप चाललेले. सकाळी ती टेबलं आणि ते कक्ष झाले नसते तर तिचं तिकडे लक्षही गेलं नसतं. म्हणून म्हणते, क्रम चुकवू नका.

मुलं मोठ्याने हसली, प्रश्न विचारले, एखादं रडायला लागलं आणि आई बाहेर घेऊन गेली, तरी कुणी मागे वळून डोळे वटारले नाहीत. आमच्याकडच्या एका मल्टिप्लेक्समध्ये मुलांच्या सिनेमाआधी इतक्या जाहिराती लावतात आणि आवाज इतका ठेवतात की मध्यंतराआधीच पोरं कंटाळून किरकिर करतात. इथे दिवे मंदावले, दोन शब्द बोलले, सिनेमा सुरू. लहान मुलांना हेच झेपतं.

वरच्या मजल्यावर 'टट्स फीव्हर' नावाची छोटीशी चित्रगृहाची खोली आहे. रेड ग्रूम्स आणि लिझियान ल्वाँग या कलाकारांनी जुन्या, इजिप्शियन थाटाच्या चित्रगृहांच्या आठवणीत ती रंगवली आहे. भिंतीवर, खुर्च्यांवर, दारातल्या पुतळ्यांवर कुठे रंग नाही असं नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला पूर्ण लांबीचा सिनेमा जड जाईल. त्याला तिथे घेऊन बसा, जुन्या मालिकांचे छोटे भाग लागतात.

या जागेचाही इतिहास आहे. १९२० साली इथे स्टुडिओ उभा राहिला, तो पुढे पॅरामाउंट या सिनेमा कंपनीचा झाला. मार्क्स बंधू या अमेरिकन विनोदवीरांचे पहिले दोन बोलपट इथेच घडले. १९४२ साली अमेरिकन लष्कराने जागा ताब्यात घेऊन प्रशिक्षणाच्या फिल्म काढल्या. त्याच परिसरातल्या एका इमारतीत १९८८ साली संग्रहालय उघडलं आणि २०११ साली वाढवलं. मला हे वाचताना सारखं कोल्हापूर आठवत होतं. बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा घडवला तो आमच्या गावात. 'प्रभात' १९२९ साली सुरू झाली तीही तिथेच, पुण्याला नंतर १९३३ साली गेली. आमच्या शाळेतल्या मुलांना हे सगळं फक्त पुस्तकातल्या चार ओळींत भेटतं. पेंटरांसारख्या कॅमेऱ्याचं हँडल त्यांनाही फिरवायला मिळावं असं मला फार वाटतं, आणि त्यासाठी फार मोठी इमारत लागत नाही, हेही इथे दिसलं. मासा पोहायला लावायला एक टेबल पुरलं.

लहान मुलांच्या पालकांसाठी दोन सूचना. मेकअपच्या विभागात एका प्रसिद्ध भयपटातली मान गरगर फिरणारी बाहुली ठेवली आहे. नातवाला मी बोलण्यात गुंतवून पुढे नेलं, तुम्हीही न्या. आणि ग्रेगरी बार्सामियन यांचं फिरतं शिल्प आहे, ते झगमगत्या दिव्यात बघायचं असतं. किंचित वेगवेगळी शिल्पं गोल फिरतात आणि डोळ्यांसमोर एकच आकार हलतो, बदलतो असं दिसतं. अप्रतिम आहे. पण लुकलुकत्या उजेडाचा ज्यांना त्रास होतो, फिटचा आजार आहे, त्यांनी आत जाऊ नये.

जायचं कसं: जर्सी सिटीहून पाथ ट्रेनने थर्टी-थर्ड स्ट्रीट, तिथून हेरल्ड स्क्वेअरला आर गाडी पकडून स्टाइनवे स्ट्रीट. पुढे थोडं चालायचं. संग्रहालयात लिफ्ट आहे, बाबागाडी सगळीकडे जाते. आठवड्याच्या सुरुवातीचे दिवस ते बंद असतं आणि कौटुंबिक खेळांचं वेळापत्रक दर महिन्याला बदलतं, तेव्हा वेबसाइट बघूनच निघा. सिनेमाच्या तिकिटात दालनांचा प्रवेश धरलाय का तेही तिकीट काढतानाच बघून घ्या, म्हणजे दोन तास आधी जाता येईल.