पाटणादेवीची मार्गदर्शित सहल : गाडी चोख, इतिहास कच्चा

चाळीसगावहून पाटणादेवीला नेणारी एका दिवसाची मार्गदर्शित सहल आम्ही उभयतांनी गेल्या श्रावणात केली. गाडी वेळेवर सुटली, चालक सावकाश व जपून चालवणारा होता, आणि दुपारच्या कळण्याच्या भाकरीला व ठेच्याला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. तक्रार आहे ती मार्गदर्शकाच्या माहितीविषयी.

महादेवाच्या देवळापुढे उभे राहून त्यांनी ते हेमाडपंतांनी बांधल्याचे ठामपणे सांगितले. चुना न वापरता दगडात दगड बसवून उभारलेल्या कोणत्याही जुन्या देवळाला आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो, त्यातून हा घोटाळा होतो हे मान्य; परंतु येथील शिलालेखात शके १०७५, म्हणजे इ. स. ११५३, हे वर्ष आहे आणि यादवांच्या दरबारातील हेमाडपंत त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी झाले. येथे राज्य करणाऱ्या निकुंभ घराण्यातील इंद्रराजाने आरंभलेले हे देऊळ त्याच्या पश्चात, राणी श्रीदेवी कारभार पाहत असताना, पुरे झाले. त्या राणीचे नावही आमच्या कानी पडले नाही.

दुसरी चूक अधिक खटकली. देवीच्या देवळातील शिलालेखात ज्याचे नाव येते तो चांगदेव म्हणजे तापी-पूर्णा संगमावरचे योगी चांगदेव, असे सांगण्यात आले. वास्तविक हा चांगदेव गणिती भास्कराचार्यांचा नातू, राजदरबारी ज्योतिषी. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’सारख्या गणित-ज्योतिषावरील ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने येथे मठ स्थापला. एकोणिसाव्या शतकातील संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला हा लेख संस्कृतात असून त्याचा शेवट जुन्या मराठीत आहे, आणि त्यात गावात जितके घाणे चालतील तितक्यांनी मठाला पळी-पळी तेल द्यावे अशी तरतूद आहे. गणिताच्या अभ्यासाला गावच्या तेल्यांनी लावलेला हा हातभार ऐकून कोणता खानदेशी माणूस तेथून लगेच हलला असता? आम्हाला मात्र वीस मिनिटांत गाडीत बसवण्यात आले.

दर वाजवी आहे आणि वृद्धांची काळजी चांगली घेतली जाते, म्हणून पाचपैकी तीन गुण देतो. जाणाऱ्यांनी देवीच्या देवळासाठी तासभर आधीच मागून घ्यावा व अक्षरे पाहण्यासाठी बॅटरी जवळ ठेवावी.