९९.३१ पर्सेंटाइल, १२ हजारांचं ॲडमिशन कौन्सेलिंग आणि तो हिरवा-पिवळा-लाल रिपोर्ट

आधी ह्या इंजिनिअरिंग ॲडमिशन कौन्सेलिंगवाल्यांचं रेटिंग सांगून टाकते, ५ पैकी २. ते दोन कशाचे आणि कापलेले तीन कशाचे हे नीट सांगायचंय म्हणून एवढं मोठं लिहितेय, कारण ज्यांच्या घरी आता बारावी आहे ते सगळे पुढच्या जूनमध्ये हेच शोधत बसणार जे मी शोधत होते. नाव लिहीत नाहीये. मैत्रिणींकडचे अजून दोन ठिकाणचे रिपोर्ट मी नंतर बघितले, ते पण तसेच निघाले, मग एकाचंच नाव घेणं मला बरोबर वाटत नाही.

आम्ही नाशिकचे, ओपन कॅटेगरी. लेकीला २०२५ च्या एमएचटी-सीईटीला, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेला, पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ९९.३१ पर्सेंटाइल आले. घरात पेढे वाटले, आजीने देवाला साखर ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले की आता कुठे मिळेल. कोणी म्हणे सीओईपी, पुण्याचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, पक्कं, कोणी म्हणे विसरा, ९९.८ च्या खाली तिथे कॉम्प्युटरला कोणी विचारत नाही. दोघंही अर्धं बरोबर बोलत होते, पण हे तेव्हा आम्हाला कळत नव्हतं आणि त्या गोंधळातच आम्ही १२ हजारांचं पॅकेज घेतलं, ८ आधी आणि ४ ॲडमिशन झाल्यावर.

पॅकेजमध्ये काय काय, तर कागदपत्रं तपासणं, फॉर्म भरून देणं, "चान्सेस रिपोर्ट" आणि प्रत्येक कॅप राउंडची (कॅप म्हणजे सरकारची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) ऑप्शन लिस्ट, म्हणजे कॉलेज-ब्रँचची पसंतीक्रमाने यादी, बनवून देणं.

कागदपत्रांचं काम एक नंबर केलं, हे मनापासून सांगते. तिथल्या एका ताईने पहिल्याच दिवशी दाखवलं की डोमिसाईलवर लेकीच्या वडलांच्या नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटपेक्षा वेगळं आहे, ते आधी नीट करून घ्या नाहीतर स्क्रुटिनीत, म्हणजे कागदपत्रांच्या तपासणीत, अडकेल. उत्पन्नाचा दाखला पण तिनेच काढायला लावला, कारण ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसला धरतात, म्हणजे ट्यूशन फी माफ, आणि ह्याला कॅटेगरी लागत नाही, ओपनवाल्यांना पण चालतं. फक्त त्या जागांचा चॉईस कोड वेगळा असतो, तो ऑप्शन फॉर्ममध्ये वेगळा टाकावा लागतो, हे आम्हाला अजिबात माहीत नव्हतं. तहसीलला दोन चकरा झाल्या पण वेळेत झालं. दोन स्टार त्या ताईचे आहेत.

आता रिपोर्ट. चांगला गुळगुळीत कागद, रंगीत, कॉलेज आणि ब्रँचसमोर टक्के. हिरवं म्हणजे मिळणार, पिवळं म्हणजे सांगता येत नाही, लाल म्हणजे सोडून द्या. सीओईपीचं ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम, लाल, १८ टक्के. सीओईपी इलेक्ट्रिकल पिवळं, ४० टक्के. पुण्यातल्या एका खाजगी कॉलेजचं कॉम्प्युटर हिरवंगार, ९५ टक्के. मी कौन्सेलिंगच्या सरांना विचारलं की हे ४० टक्के कसे काढले, तर म्हणाले, "मॅडम, आमचं सॉफ्टवेअर आहे, मागच्या वर्षीच्या कटऑफवरून काढतं." तेव्हा मी गप्प बसले. घरी आल्यावर मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला, कारण मी पतपेढीत काम करते, आकडा कुठून आला हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तर मागच्या वर्षीचं म्हणजे २०२४ चं बघा. तेव्हा पीसीएमला २ लाख ९५ हजारांच्या आसपास मुलं बसली होती. २०२५ ला ४ लाख २२ हजारांच्या वर. पर्सेंटाइल म्हणजे मार्क नाहीत, शंभरातले किती तुमच्या मागे राहिले एवढंच ते सांगतं. आता ९९.३१ म्हणजे ०.६९ टक्के मुलं पुढे. २०२४ च्या हिशोबाने साधारण २,०४०, आणि २०२५ च्या हिशोबाने साधारण २,९१०. तोच आकडा, तेच ९९.३१, पण पुढे पावणेनऊशे पोरं जास्त! आणि आता ०.१ चा फरक म्हणजे सव्वाचारशे मुलं. सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजच्या जागा काही परीक्षेला बसणाऱ्यांच्या मागे अशा वाढत नाहीत. म्हणजे मागच्या वर्षीचं पर्सेंटाइल आणि ह्या वर्षीचं पर्सेंटाइल शेजारी शेजारी ठेवून टक्के काढले तर ते चुकणारच, आणि रिपोर्टमध्ये नेमकं तेच केलेलं होतं.

ह्यावर उपाय काही अवघड नाही. ही परीक्षा आणि प्रवेश बघणारं सीईटी सेल प्रत्येक राउंडच्या कटऑफची पीडीएफ टाकतं, फुकट, कोणीही उघडू शकतं. त्यात पर्सेंटाइलसोबत मेरिट नंबर, म्हणजे राज्याच्या गुणवत्ता यादीतला नंबर, पण दिलेला असतो. मुलांची संख्या एवढी वाढली असताना नंबराशी नंबर जुळवून बघायचा, पर्सेंटाइलशी पर्सेंटाइल नाही. हे मला सांगितलं एफसीवर, म्हणजे प्रवेशाच्या सुविधा केंद्रावर, स्क्रुटिनी करणाऱ्या एका सरांनी, एक रुपया न घेता, जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून.

त्याच पीडीएफमध्ये ते कोड असतात, जीओपीईएनएच, एलओपीईएनएस वगैरे, पहिल्यांदा बघितलं की घाम फुटतो. पण साधं आहे. सुरुवातीचं जी म्हणजे सगळ्यांसाठी, एल म्हणजे मुलींच्या जागा, मधे कॅटेगरी, आणि शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (ज्या विद्यापीठाच्या भागात आपण शिकलो ते), ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे अख्ख्या राज्यासाठी. मुलीला जी आणि एल दोन्ही रांगा खुल्या असतात. आमच्या रिपोर्टमध्ये फक्त जी धरलेलं. मुलगी आहे हे फॉर्मवर लिहिलेलं असताना! शिवाय मुंबईच्या एका कॉलेजला एचचा आकडा लावलेला, आणि आम्ही नाशिकवाले म्हणजे आमची होम युनिव्हर्सिटी पुण्याची सावित्रीबाई फुले, मुंबईची नाही, आमच्यासाठी तिथे ओ बघायला पाहिजे. दोन चुका मी स्वतः शोधल्या, अजून असतील तर माहीत नाही, त्यानंतर मी तो रिपोर्ट बघणंच सोडलं.

पण खरा राग ऑप्शन लिस्टचा आहे.

लेकीला अकरावीपासून सर्किट, मोटर, बॅटरी ह्यातच करायचंय. घरातला बंद पडलेला मिक्सर तिने खोलला होता आणि चालू करून दाखवला होता. तिला ईएनटीसी नाहीतर इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर नकोच, हे पहिल्या मीटिंगला तिने स्वतः स्पष्ट सांगितलं. कौन्सेलिंगचे सर म्हणाले, "बेटा, ९९ वाले इलेक्ट्रिकल घेत नाहीत." लिस्ट आली ती १२० ऑप्शनची, पहिल्या नंबरवर ते हिरवं खाजगी कॉम्प्युटर, मग अजून तशीच चार-पाच, सीओईपी इलेक्ट्रिकल २२ नंबरला आणि सीओईपी ईएनटीसी लिस्टमध्येच नाही. का, तर चान्स नाही म्हणून.

आता हे नीट वाचा कारण ह्याच्यात वर्ष जातं. २०२५ पासून कॅपचे चार राउंड झाले आणि ऑटो फ्रीझचा, म्हणजे लागलेली सीट आपोआप पक्की होण्याचा, नियम कडक झाला. पहिल्या राउंडला पहिलं ऑप्शन लागलं की सीट तिथेच फ्रीझ, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी लागलं की फ्रीझ, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. ती सीट नको म्हटलं तर पुढच्या कॅप राउंडमधून बाहेर. म्हणजे त्यांची लिस्ट तशीच भरली असती तर पहिल्याच राउंडला ते खाजगी कॉम्प्युटर लागलं असतं, कारण ते हिरवंच होतं, आणि विषय संपला असता. पोरीला जे नको होतं ते तिच्या गळ्यात कायमचं. त्यांच्या हिशोबात मात्र "पहिल्याच राउंडला पहिली पसंती मिळवून दिली" म्हणून आमचा फोटो बोर्डावर लागला असता.

एफसीवाल्या सरांनी हे मला असं समजावलं. सिस्टीम मेरिट लिस्टने एकेका मुलाकडे येते, त्याची यादी वरून खाली वाचते आणि जी पहिली रिकामी सीट सापडेल ती देते. तुम्ही वर पाच न मिळणारी कॉलेजं टाकली म्हणून सहाव्याचा चान्स कणभर कमी होत नाही. ३०० ऑप्शन टाकता येतात, वर मोठी स्वप्नं टाकायला कोणी पैसे मागत नाही. क्रम फक्त आवडीने लावायचा. चान्स बघायचा तो यादीच्या शेवटासाठी, म्हणजे खाली अशी कॉलेजं हवीत की काही झालं तरी हात रिकामा राहू नये. मी पंधरा दिवस जे शोधत होते ते एवढ्यात कळलं, आणि मला आत्ता पण वाईट वाटतं की ज्यांना आम्ही पैसे दिले त्यांनी हे सांगितलं नाही.

जुलैच्या शेवटी ऑप्शन फॉर्म भरायच्या आदल्या रात्री आम्ही तिघं डायनिंग टेबलवर बसलो, मिस्टर पीडीएफ वाचत होते, मी वहीत नंबर उतरवत होते आणि लेक एकच प्रश्न स्वतःला विचारत होती, की हे आणि हे दोन्ही मिळालं तर मी कुठलं घेईन. प्रत्येक जोडीला तोच प्रश्न. रात्री दीडला लिस्ट झाली. एक, सीओईपी ईएनटीसी. दोन, व्हीजेटीआय ईएक्सटीसी (ईएनटीसीच, फक्त नाव वेगळं). तीन, सीओईपी इलेक्ट्रिकल. चार, व्हीजेटीआय इलेक्ट्रिकल. मग पुण्याची खाजगी, ईएनटीसी आधी, इलेक्ट्रिकल नंतर, टीएफडब्ल्यूएसचे कोड त्या त्या कॉलेजच्या साध्या कोडच्या वर, मग सांगली, मग आमचं नाशिक. एकूण ४१ ऑप्शन.

कौन्सेलिंगच्या सरांना सकाळी फोन करून सांगितलं की आम्ही आमची लिस्ट भरतोय. ते नाराज झाले, म्हणाले, "रिस्क तुमची." मी हो म्हटलं. खोटं कशाला सांगू, फोन ठेवल्यावर माझे हात थरथरत होते, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आणि आम्ही अनुभव असलेल्या माणसाचं ऐकत नाही आहोत.

पहिल्या राउंडला चौथं लागलं, व्हीजेटीआय इलेक्ट्रिकल. पहिलं नसल्यामुळे फ्रीझ झालं नाही, १००० रुपये सीट ॲक्सेप्टन्स फी भरून बेटरमेंट टाकलं, म्हणजे ही सीट हातात ठेवून वरच्या ऑप्शनसाठी पुढच्या राउंडला थांबलो. बेटरमेंटमध्ये एक लक्षात ठेवा, वरचं ऑप्शन लागलं की खालची सीट आपोआप जाते, परत मागता येत नाही, म्हणून वर तेच ठेवा जे खरंच जास्त हवंय. दुसऱ्या राउंडला तिसरं लागलं. सीओईपी इलेक्ट्रिकल, मुलींच्या एल जागेवरून, म्हणजे जी रांग रिपोर्टने बघितलीच नव्हती त्याच रांगेतून. पहिल्या तीनमधलं असल्यामुळे ऑटो फ्रीझ. लेक ओरडत जिन्यावरून खाली आली, शेजारच्या काकू घाबरून बाहेर आल्या की काय झालं.

ईएनटीसी नाही लागलं, तिथे रिपोर्टचं लाल खरं ठरलं हे पण सांगायला पाहिजे. आणि पिवळ्याचं ४० टक्के खरं की खोटं हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही, लागलं तरी ते बरोबर, न लागलं तरी बरोबर. म्हणूनच असल्या टक्क्यांना १२ हजार देण्यात अर्थ नाही असं माझं ठाम मत झालंय. ९९ च्या वरच्या मुलांच्या बाबतीत तर जास्तच, कारण तिथे अर्ध्या पर्सेंटाइलमध्ये दोन हजार मुलं उभी असतात, आणि सीओईपी कॉम्प्युटर ते सीओईपी सिव्हिल एवढी सगळी दुनिया दोन-चार पर्सेंटाइलमध्ये मावते. हुशार मुलाला "कुठेही मिळेल" असं पण नसतं आणि "विसरा" असं पण नसतं.

मग ही सर्व्हिस कोणी घ्यावी? ज्यांची कागदपत्रं गुंतागुंतीची आहेत, जातपडताळणी बाकी आहे, नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपतेय, राज्याबाहेर शिक्षण झालंय, घरात कोणाला फॉर्म भरायची सवय नाही, त्यांनी फक्त कागदपत्रांपुरतं पॅकेज मिळतंय का विचारा. आमच्याकडे ते ३ हजारांत होतं, आम्हाला नंतर कळलं. आणि ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसीच्या मुली, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, तर २०२४-२५ पासून सरकारने कॅपमधून घेतलेल्या सीटची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय, हे कौन्सेलरने सांगितलं नाही तर तुम्हीच विचारा, आमच्या पुढच्या नंबरवर बसलेल्या बाईंना कोणी सांगितलंच नव्हतं आणि त्या फीच्या धास्तीने मुलीला डिप्लोमाला घालायचं म्हणत होत्या.

उरलेले ४ हजार मागायला ऑगस्टमध्ये फोन आला. मिस्टर म्हणाले देऊ नको. मी दिले, कारण डोमिसाईलचं स्पेलिंग त्या ताईने पकडलं नसतं तर स्क्रुटिनीतच अडकलो असतो. पैसे देताना सरांना त्या एलच्या रांगेचं आणि मुंबईच्या एच कोडचं दाखवलं, प्रिंट काढून नेली होती. त्यांनी ती ठेवून घेतली.