‘सगळं आम्ही बघतो’: परदेशातून पार्थिव बडोद्याला आणून देणाऱ्या पॅकेजची उलटतपासणी

परदेशात मृत्यू झाला की घरच्यांपुढे पहिल्या काही तासांतच एक आकडा येतो. ‘पार्थिव बडोद्याला दारात पोचवू, सगळं आम्ही बघतो, एकरकमी इतके.’ त्या अवस्थेत कोणीही हो म्हणून टाकतं, आणि या धंद्याची घडी नेमकी त्या ‘हो’वर बसलेली आहे. आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: हे पॅकेज निम्मंच घ्यावं. त्यात चार वेगवेगळी कामं एकाच रकमेत मिसळलेली असतात. तिथल्या फ्युनरल होमचं (अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या संस्थेचं) काम, दूतावासाचे कागद, विमानाचं भाडं आणि अहमदाबाद ते बडोदा हा शेवटचा टप्पा. पहिलं आणि तिसरं घरच्यांना स्वतः करता येत नाही. त्याचे पैसे खुशाल द्या. दुसरं काम तिथला नातेवाईक किंवा मित्र करू शकतो, आणि चौथ्यासाठी तर इथला एक जाणता माणूस पुरतो.

म्हणून पहिली मागणी कलमवार दरपत्रकाची. ‘तिथले दर आम्हाला सांगता येत नाहीत’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. अमेरिकेत १९८४ पासून लागू असलेल्या ‘फ्युनरल रूल’नुसार फ्युनरल होमला फोनवर भाव सांगावा लागतो आणि समोर गेलेल्या माणसाच्या हातात छापील दरपत्रक द्यावं लागतं. ब्रिटनमध्येही २०२१ पासून ठरावीक नमुन्यातलं दरपत्रक दर्शनी लावणं आणि वेबसाइटवर टाकणं सक्तीचं आहे. पत्रकात या बाबी सुट्या दिसल्या पाहिजेत: रुग्णालयातून पार्थिव हलवणं, शवागाराचं रोजचं भाडं, एम्बाल्मिंग (देह टिकावा म्हणून रसायनं भरणं), आतली जस्ताच्या पत्र्याची पेटी, बाहेरची लाकडी पेटी, कागदपत्रं आणि विमानतळापर्यंतची गाडी.

यात सगळ्यात जास्त फुगवतात ती लाकडी पेटी. ओकची, पॉलिश केलेली, पितळी कड्यांची पेटी दाखवली जाते, आणि दुःखात असलेल्या माणसाला साधी पेटी मागणं प्रशस्त वाटत नाही. पण ती पेटी बडोद्याच्या खासवाडी स्मशानात फोडायचीच आहे. आत सील केलेलं धातूचं अस्तर आणि बाहेर विमान कंपनी स्वीकारेल अशी सर्वांत साधी पेटी, एवढंच मागा. अमेरिकेत पेटी बाहेरून विकत आणली तरी फ्युनरल होमला त्यासाठी वेगळं शुल्क लावता येत नाही.

एम्बाल्मिंगच्या आधी एक गोष्ट लेखी कळवायची: छातीत पेसमेकर असेल तर तो तिथेच काढून घ्यावा. त्याची बॅटरी भट्टीत फुटते. इथे सील उघडल्यावर ते कळलं तर काढायला डॉक्टर कुठून आणणार?

वेळेच्या आश्वासनांकडेही जरा संशयाने बघा. इंग्लंड आणि वेल्समधून पार्थिव बाहेर न्यायचं तर कॉरोनरला (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) सूचना द्यावी लागते आणि साधारणपणे मध्ये पूर्ण चार दिवस जाऊ द्यावे लागतात. विनंती केली तर कॉरोनर लवकर सोडतात, पण तो त्यांचा अधिकार आहे, एजंटचा नव्हे. ‘तिसऱ्या दिवशी घरी’ असं लंडनहून कोणी छातीठोक सांगत असेल, तर कॉरोनरशी बोलणं झालंय का एवढंच विचारा. शवविच्छेदन किंवा पोलीस तपास असेल तर कोणतीच तारीख गृहीत धरू नका. दहावा कुठल्या दिवसापासून धरायचा हे गुरुजींना आधी विचारून ठेवा, कारण पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांची तिकिटं त्यावरच ठरतात.

विमानाचं भाडं हा दुसरा मोठा आकडा. मालवाहतुकीत प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्यावर आकारणी होते. आकारमानाचं वजन म्हणजे सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार भागिले ६०००. दोनशे बाय पासष्ट बाय पन्नासची पेटी धरली तर १०८ किलो येतात. पण सत्तर किलोची व्यक्ती, जस्ताचं अस्तर आणि लाकूड मिळून प्रत्यक्ष वजन याहून सहज वर जातं, म्हणून जड लाकडाचा भुर्दंड दोनदा पडतो: एकदा पेटीच्या किमतीत, एकदा भाड्यात. काही कंपन्या किलोमागे न घेता ठोक रक्कम घेतात. एअर वेबिलवर (विमानाने पाठवलेल्या मालाच्या पावतीवर) पार्थिवासाठी ‘एचयूएम’ असा संकेत असतो. भाडं निघतानाच भरावं लागतं, ‘पोचल्यावर देऊ’ चालत नाही. अमेरिकेत विमान कंपन्या पार्थिव फक्त नोंदणीकृत ‘नोन शिपर’कडूनच (आधीच पडताळणी झालेल्या माल पाठवणाऱ्याकडूनच) घेतात. म्हणजे घरच्यांना थेट बुकिंग करता येत नाही, ते फ्युनरल होमच करतं. इथे मध्यस्थाचे पैसे रास्त आहेत. मात्र विमान कंपनीच्या मूळ पावतीची प्रत मागून घ्या.

बुकिंग अहमदाबादपर्यंतच करा. बडोद्याच्या विमानतळाचा नवा टर्मिनल २०१६ मध्ये सुरू झाला, तरी परदेशातून येणारी नियमित विमानं अहमदाबाद नाहीतर मुंबईलाच उतरतात. ‘थेट हरणी विमानतळापर्यंत’ या शब्दांचा अर्थ दिल्ली किंवा मुंबईला माल बदलणं, तिथे थांबणं आणि आणखी एक जोखीम. दुबई, अबू धाबी, दोहाहून अहमदाबादला थेट विमानं आहेत. अमेरिकेहूनही आखातामार्गे एकाच कंपनीवर अहमदाबाद गाठता येतं. मुंबई घेतली तर पुढे चारशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे.

आता सरकारी सेवेबद्दल, आणि इथे कौतुकच करावं लागेल. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं ‘ई-केअर’ पोर्टल ऑगस्ट २०२३ पासून सुरू आहे. पार्थिव भारतात उतरवायला विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्याची मंजुरी लागते, ती यावर ऑनलाइन मिळते आणि पोर्टल चोवीस तास चालतं. कागद चारच: मृत्यू प्रमाणपत्र, एम्बाल्मिंगचं प्रमाणपत्र, भारतीय दूतावासाचं ना-हरकत पत्र आणि रद्द केलेल्या पासपोर्टची प्रत. एजंट याला ‘हेल्थ क्लिअरन्स’ नावाची वेगळी ओळ लावून पैसे मागत असेल तर ती ओळ खोडा.

अडतं ते पोर्टलमुळे नाही, कागदांमुळे. मृत्यूचा दाखला अरबीत आणि इंग्रजी भाषांतर जोडलेलं नाही. पासपोर्टवरचा ‘कॅन्सल्ड’ शिक्का फोटोत दिसतच नाही. एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये, दुसऱ्यावर आडनाव आधी. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन पदं असल्यामुळे हे फार होतं. सगळ्या कागदांवर पासपोर्टचंच स्पेलिंग हवं. व्यक्तीने परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर परदेशी पासपोर्टबरोबर ओसीआय कार्डही (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड) हाताशी ठेवा. दूतावासाकडून उत्तर येत नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा.

अहमदाबादला पेटी प्रवासी टर्मिनलवर मिळत नाही, कार्गो विभागात मिळते. आधी विमान कंपनीकडून डिलिव्हरी ऑर्डर, मग आरोग्य मंजुरी आणि कस्टम्स, मग ताबा. एअर वेबिलवर ‘कन्साइनी’ (माल घेणारा) म्हणून ज्याचं नाव आहे त्यानेच मूळ आधार कार्ड घेऊन जायचं. तिथे एजन्सीचं नाव घातलं की पार्थिवाचा ताबाही एजन्सीकडे जातो आणि उरलेल्या बिलाची चर्चा नेमकी त्या वेळी सुरू होते. म्हणून बुकिंगच्या वेळीच घरातल्या धडधाकट, फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव द्या. नंतर नाव बदलायचं तर दुरुस्ती मूळ विमानतळावरून यावी लागते आणि अर्धा दिवस जातो.

शववाहिका ठरवताना ‘पेटी आहे’ हे स्पष्ट सांगा. साडेसहा-सात फूट सपाट जागा हवी, स्ट्रेचर काढलेलं हवं. साध्या व्हॅनमध्ये पेटी तिरकी बसते आणि मागचं दार लागत नाही. उचलायला सहा माणसं लागतात. एक्स्प्रेसवेने दोन तासांत बडोदा येतं. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांच्या जिन्यातून ही पेटी वर जात नाही, सोसायटीच्या लिफ्टमध्ये तर नाहीच. दर्शन खाली अंगणात किंवा पार्किंगमध्ये ठेवा.

पेटी जशीच्या तशी चितेवर किंवा गॅसच्या भट्टीत जात नाही. वरचं लाकूड स्क्रूड्रायव्हरने सुटतं, पण जस्ताचा पत्रा चारी बाजूंनी झाळलेला असतो. छिन्नी, हातोडी आणि पत्रा कापायची कात्री बरोबर न्या, स्मशानात ती असतीलच असं धरून चालू नका. उघडताना फॉर्मालिनचा वास डोळ्यांना झोंबतो. मोकळ्या हवेत, मास्क आणि जाड हातमोजे घालून हे काम दोघांनी करावं, आणि बायका-मुलांना, विशेषतः आईला, तेवढा वेळ लांब ठेवावं. पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात. इतक्या दिवसांनी चेहऱ्यात फरक पडलेला असू शकतो, हे जवळच्यांना आधी कोणीतरी हळूच सांगायला हवं. आंघोळ घालणं, कपडे बदलणं असे विधी एम्बाल्मिंग झालेल्या देहावर करू नयेत. वरून पंचा किंवा शालू आणि तुळशीपत्र पुरे.

हा सगळा खर्च करावाच का, हा प्रश्न एजंट कधी विचारणार नाही, म्हणून इथे विचारतो. तिथेच दहन करून अस्थी आणणं हा पर्याय खर्चात फारच खाली येतो. अमेरिकेत ‘डायरेक्ट क्रिमेशन’ मागितलं तर दर्शन-समारंभ नाही, एम्बाल्मिंग नाही आणि महागडी पेटी घेण्याचीही सक्ती नाही. दोन-तीन किलोचा डबा नातेवाइकाच्या हातातल्या बॅगेत येतो. मात्र डबा लाकडी किंवा प्लास्टिकचा हवा. जाड धातूच्या कलशातून एक्स-रे आरपार जात नाही, आणि सुरक्षा कर्मचारी तो उघडूनही बघत नाहीत, सरळ नाकारतात. सोबत मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, दूतावासाचं पत्र आणि पासपोर्टची प्रत ठेवा. पितळी कलश इथे मंगळ बाजारातून घ्या. आणखी एक, जे बहुतेकांना डबा उघडल्यावर कळतं: तिकडे दहनानंतर हाडं दळून एकजीव भुकटी करून देतात. चांदोदला नर्मदेत विसर्जनासाठी ओळखू येणाऱ्या अस्थी हव्या असतील तर दहनापूर्वीच तसं सांगा. प्रत्येक ठिकाण ते मान्य करतंच असं नाही.

पैसे कोण देणार हे ठरवण्याआधी कपाटातले कागद काढा. नोकरी आखातातली असेल तर करार बघा. सौदीच्या कामगार कायद्यात पार्थिव पाठवण्याचा खर्च मालकावर टाकलेला आहे. इमिग्रेशन क्लिअरन्स (परदेशी नोकरीसाठीची सरकारी मंजुरी) घेऊन गेलेल्या कामगाराकडे प्रवासी भारतीय बीमा योजना असते: दोन वर्षांना २७५ किंवा तीन वर्षांना ३७५ रुपये हप्ता आणि अपघाती मृत्यूला १० लाखांचं संरक्षण. जे-१ व्हिसावर (शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर) अमेरिकेत गेलेल्यांच्या विम्यात पार्थिव परत पाठवण्यासाठी किमान २५,००० डॉलरचं संरक्षण असावंच लागतं. मुलांकडे सहा महिने राहायला गेलेल्या आई-वडिलांच्या पॉलिसीतही हे कलम बहुधा असतं, पण आधीपासूनच्या आजाराची अट नीट वाचा. आणि फ्युनरल होमला होकार देण्याआधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा. आधी खर्च करून मागून बिल पाठवणाऱ्यांचे दावे इथेच अडकतात. यातलं काहीच नसेल, मालक हात वर करत असेल आणि घरची ऐपत नसेल, तर दूतावासाकडचा इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे. २००९ साली सुरू झालेला हा निधी भारतीय नागरिकांसाठी आहे आणि परिस्थिती बघून मदत देतो. अर्ज पैसे भरण्याआधी करायचा, नंतर परतफेड मिळेल या भरवशावर राहू नका.

इथून पैसे पाठवायचे झाले तर बँकेत पॅन आणि ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) लागतो. वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा या खर्चाला भरपूर आहे, आणि आर्थिक वर्षातली एकूण रक्कम १० लाख रुपयांच्या आत असेल तर टीसीएस (पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर) कापत नाहीत. परदेशी बँकेचं शुल्क ‘पाठवणारा भरेल’ असा पर्याय निवडा. नाहीतर मधल्या बँका वीस-पंचवीस डॉलर कापतात, फ्युनरल होमला रक्कम कमी पोचते आणि तेवढ्यासाठी गाडी थांबते. शनिवार-रविवार मध्ये आला तर तिथल्या नातेवाइकाने कार्डाने भरणं सोपं.

बडोदा महानगरपालिका परदेशातल्या मृत्यूचा दाखला देत नाही, स्मशानातून मिळते ती फक्त दहनाची पावती. मृत्यूची नोंद तिथे आणि भारतीय दूतावासात करून पाच-सहा मूळ प्रती आणायला सांगा. एलआयसी, बँक, पेन्शन आणि घराचा वारसा, सगळे मूळच मागतात. सौदीसाठी वारसांकडून नोटरी केलेलं अधिकारपत्र मागवतात. त्यात पार्थिव पाठवण्याची संमती आणि थकीत पगार-ग्रॅच्युइटीचा विषय वेगळ्या कागदांवर ठेवा. ‘सर्व येणं मिळालं’ असं वाक्य त्याच कागदात घुसवलेलं असेल तर सही करू नका, ते काढून नवा कागद मागा.