‘झपाटलेला २’ : वीस वर्षांनी परतलेला तात्या विंचू

दिग्दर्शक महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ मध्ये आला आणि त्याचा दुसरा भाग २०१३ मध्ये. तिसऱ्या भागाची चर्चा अधूनमधून कानावर येत असते, म्हणून दुसरा भाग अलीकडे पुन्हा लक्षपूर्वक पाहिला. लोकांच्या लाडक्या विनोदी चित्रपटाला इतक्या वर्षांनी हात लावावा की नाही, हा प्रश्न तो पाहताना सतत मनात होता.

मरणाऱ्या गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही मूळ कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या हॉलिवूडच्या भयपटातली. तिथे तो बाहुला एका लहान मुलाच्या हाती पडतो. कोठारे यांनी तो लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या हाती दिला आणि चित्रपटाची जातच बदलली. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू हा बाहुला आणि दिलीप प्रभावळकर यांचा आवाज यांनी आम्हाला घाबरवले हे खरे, पण हसू आले ते लक्ष्याच्या, म्हणजे बेर्डे यांच्या पात्राच्या, घाबरण्याचे. विस्फारलेले डोळे, घशातच अडकलेला शब्द, आणि आपण खरे तेच सांगत असताना कोणीही विश्वास ठेवत नाही म्हणून होणारी त्याची तगमग! प्रेक्षकाला सगळे ठाऊक आहे, लक्ष्याला ठाऊक आहे आणि भोवतालच्या माणसांना मात्र काही केल्या पटत नाही, या एकाच खुंटीवर त्या चित्रपटाचा सगळा विनोद टांगलेला आहे.

बेर्डे २००४ मध्ये गेले. त्यामुळे दुसऱ्या भागात तात्या विंचू लक्ष्याच्या मुलाच्या, आदित्यच्या, मागे लागतो. ही भूमिका कोठारे यांचे चिरंजीव आदिनाथ यांनी केली आहे. ‘माझा छकुला’तला छोटा मुलगा तो हाच. आदिनाथ मनापासून काम करतात आणि पडद्यावर शोभतातही, परंतु पटकथेने त्यांना नायक केले आहे, आणि नायक शेवटी तरून जाणार याची खात्री असल्यामुळे त्याच्या भीतीचे हसू येत नाही. हसवण्याची जबाबदारी मग मकरंद अनासपुरे यांच्यावर येते. त्यांची संवादफेक नेहमीप्रमाणे नेमकी आहे, पण तात्याला हवा आहे तो आदित्य. म्हणजे भीती एकाच्या वाट्याला आणि विनोद दुसऱ्याच्या. पहिल्या भागात या दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी दिसत होत्या. शिवाय वीस वर्षांत तात्या विंचू घराघरात पोचलेला असल्यामुळे ‘बाहुला बोलतो’ या वाक्यातली अविश्वसनीयताही संपलेली होती, आणि तिच्या जागी नवे काही उभे करायला हवे होते, ते झालेले नाही.

थ्रीडीचा प्रयोग धाडसाचा होता. मराठीत असा चित्रपट त्याआधी झाला नव्हता आणि कोठारे यांची तांत्रिक हौस मला नेहमीच आदरणीय वाटत आली आहे. मात्र प्रेक्षकाच्या अंगावर येण्यासाठी योजलेली दृश्ये घरच्या टीव्हीवर निष्कारण लांबलेली वाटतात. बाहुल्याची खरी दहशत तो कोपऱ्यात निश्चल बसलेला असताना, आता मान वळवेल की नंतर, या वाट पाहण्यात आहे. प्रभावळकरांचा आवाज मात्र दुसऱ्या भागातही तितकाच जरबेचा आहे. तात्याचा ‘ओम फट् स्वाहा’ हा मंत्र ऐकताना आजही अंगावर काटा येतो. लहान मुलांना हा चित्रपट जरूर दाखवावा, ती रमतील. पहिला भाग तोंडपाठ असलेल्यांनी तो पाहावा तो पाध्ये आणि प्रभावळकर यांच्यासाठी.

तिसरा भाग करावा का? बाहुल्याला वय नसते, म्हणून तो कितीही वेळा परत येऊ शकतो, आणि हाच मोह निर्मात्याला फसवणारा आहे. तंत्राच्या साहाय्याने पडद्यावर लक्ष्याला पुन्हा उभे करणे आता शक्य असले, तरी मला ते नको आहे. बेर्डे यांचा विनोद त्यांच्या क्षणाक्षणाच्या प्रतिसादातून येत असे, आणि तो प्रतिसाद कोणत्याही यंत्राला आधी ठाऊक असणे शक्य नाही. तात्या विंचूचे नावही न ऐकलेला, नायकपणाचा लवलेश नसलेला, ज्याच्यावर घरचेही विश्वास ठेवणार नाहीत असा एखादा माणूस लेखकाला सापडला, आणि ती भूमिका पेलणारा नट मिळाला, तर तिसऱ्या भागाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तोवर घाई करू नये, एवढीच कोठारे यांना विनंती.