पुढच्या दाताचा टवका उडाला: सिमेंट, व्हिनिअर की कॅप?

दाताचा टवका उडाल्यावर कुठला उपचार घ्यायचा हे तो किती खोल गेलाय यावरून ठरतं, लांबी-रुंदी नंतर. वरचं पांढरं इनॅमल तेवढंच तुटलं असेल तर जिभेला धार लागते, बाकी फारसा त्रास नसतो. आतला पिवळसर थर, म्हणजे डेन्टिन, उघडा पडला तर गार पाणीच काय, नुसता वारा लागला तरी दात सणकतो, कारण त्या थरातून असंख्य सूक्ष्म नळ्या नसेच्या दिशेने जातात. आणि तुटलेल्या जागी गुलाबी किंवा रक्ताळलेला ठिपका दिसत असेल तर नसच उघडी पडली आहे. पहिल्या प्रकारात आठवडाभर थांबलं तरी सहसा बिघडत नाही. दुसऱ्यात एक-दोन दिवसांत, तिसऱ्यात त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

तोवर घरी जे कराल त्याचा पुढच्या निवडीवर परिणाम होतो. तुटलेला तुकडा सापडला तर दुधात किंवा पाण्यात बुडवून सोबत न्या. कोरडा पडला की तो पांढराफटक होतो आणि चिकटवल्यावर उठून दिसतो. तुकडा सापडत नसेल आणि ओठही फाटला असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. तो ओठात रुतून बसलेला असू शकतो आणि एक्स-रेमध्ये दिसतो. दुखतंय म्हणून लवंगेचं तेल लावायची आपली जुनी सवय इथे आडवी येते. त्यातल्या युजेनॉल या घटकामुळे नंतर भरायचं रेझिन, म्हणजे दाताच्या रंगाच्या सिमेंटमधला चिकट पदार्थ, नीट घट्ट होत नाही. खेळणी जोडायच्या झटपट गोंदाने दात चिकटवणारे महाभागही असतात, म्हणून तेही सांगतो: नको.

कमी घासणारा पर्याय आधी

माझा कल लपवत नाही. इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, पण तो तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपलेल्या असतात. घासून काढलेलं इनॅमल परत येत नाही. म्हणून प्रत्येक पर्यायाला दोन प्रश्न विचारावेत: यासाठी चांगला दात किती घासावा लागेल, आणि हे काम उद्या बिघडलं तर पुढे काय करता येईल? कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं सिमेंट, निघालं तर पुन्हा कंपोझिट करता येतं, किंवा व्हिनिअर, म्हणजे दाताच्या पुढून चिकटवायचा पातळ पापुद्रा. व्हिनिअर गेलं तर नवं व्हिनिअर, नाहीतर कॅप, म्हणजे अख्खा दात झाकणारं आवरण. कॅपवरून मात्र मागे फिरता येत नाही.

टवका अगदी बारीक, इनॅमलपुरताच असेल तर धार गुळगुळीत करून पॉलिश करणं पुरतं. दहा मिनिटांचं काम, भूल लागत नाही. उरलेला किंचित फरक आरशात फक्त तुम्हालाच दिसत असेल तर याच्या पुढे जायची गरज नाही.

मूळ तुकडा शाबूत असेल तर तोच चिकटवणं हा माझ्या मते सर्वांत कमी विचारला जाणारा आणि अनेकदा सर्वांत चांगला पर्याय. रंग, चमक, आकार सगळं तुमचंच, वेगळं जुळवावं लागत नाही. जोड मूळ दाताइतका मजबूत नसतो, पुन्हा मार लागला तर तिथेच सुटू शकतो. पण सुटला तरी गमावलेलं काही नसतं.

कंपोझिट की व्हिनिअर

खरा पेच बहुतेकांना इथेच पडतो, कारण दोन्हींचे फोटो सारखेच सुंदर दिसतात.

लोक ज्याला ‘दाताच्या रंगाचं सिमेंट’ म्हणतात ते कंपोझिट म्हणजे रेझिन आणि काचेचे सूक्ष्म कण यांचं मिश्रण. ते दाताला घट्ट बसतं याचं श्रेय १९५५ च्या एका शोधाला जातं: अमेरिकन दंतवैद्य मायकल बुओनोकोर यांनी दाखवलं की फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल किंचित खरवडलं तर रेझिन त्याला धरून बसतं. आजही तेच होतं. साधारण ३७ टक्के तीव्रतेची निळी-हिरवी जेल अर्धा मिनिट लावतात, धुतात, वर बाँडिंगचा द्रव, मग कंपोझिट थरथराने आणि प्रत्येक थरावर निळा प्रकाश. एका बैठकीत काम संपतं, दात जवळपास घासावा लागत नाही, आणि भूल बऱ्याचदा लागतच नाही.

त्याचे दोष खरे आहेत. चहा, हळद, तंबाखू यांचे डाग हळूहळू चढतात, चमक उतरते, कडेला रेघ दिसू लागते. साधारण पाच ते दहा वर्षांत ते दुरुस्त करावं किंवा बदलावं लागतं. नखं खायची किंवा दाताने दोरा तोडायची सवय असेल तर त्याहून लवकर. पण छोटा कोपरा उडाला तर तेवढाच भाग पुन्हा लावता येतो, हे विसरू नका.

कंपोझिटमध्ये सगळं हातावर अवलंबून असतं. तेच साहित्य एकाच्या हातून खऱ्या दातासारखं उतरतं, दुसऱ्याच्या हातून खडूसारखं. म्हणून त्या डॉक्टरांनी आधी केलेल्या पुढच्या दातांचे फोटो मागून पाहा, त्यात संकोच कसला? आणखी एक खूण: रंग जुळवण्याचं काम सुरुवातीलाच, दात ओला असताना व्हायला हवं. दात कोरडा पडला की पांढरट दिसतो आणि शेड फिकी निवडली जाते.

व्हिनिअर म्हणजे प्रयोगशाळेत तयार होऊन येणारा चिनी मातीचा पातळ पापुद्रा. त्यासाठी दाताच्या पुढच्या बाजूचं साधारण अर्धा मिलिमीटर इनॅमल घासतात, माप घेतात, मधले दिवस तात्पुरतं आवरण असतं, मग पक्कं चिकटवतात. डाग धरत नाही, चमक टिकते, नीट केलेलं दहा-पंधरा वर्षं सहज जातं. तुटलं मात्र तर बहुतेक वेळा नवंच करावं लागतं. आणि ज्याला रात्री दात खायची सवय आहे त्याच्यासाठी ते जोखमीचंच.

जाहिरातींत न येणारी गोष्ट अशी की शेजारचा दात नैसर्गिक असताना एकाच पटाशीच्या दाताचं व्हिनिअर हुबेहूब जुळवणं हे दंतवैद्यकातल्या अवघड कामांपैकी एक मानतात. त्यातूनच ‘चार केले तर सगळे एकसारखे दिसतील’, मग ‘स्माइल डिझाइनमध्ये आठ’ असा प्रवास सुरू होतो. तुटलेला दात एक असताना सात धडधाकट दात घासून घ्यायचं कारण मला कधी पटलेलं नाही, मग हप्त्यांची सोय कितीही आकर्षक असो. दाताचा रंग आधीपासूनच गडद असेल, पुढच्या बाजूचा मोठा भाग गेला असेल, किंवा कंपोझिट पुन्हा पुन्हा निघत असेल, तर व्हिनिअरचा विचार रास्त आहे. एका कोपऱ्यासाठी पहिल्याच फेरीत नव्हे.

दात पांढरे करून घ्यायचे मनात असेल तर ते टवका भरण्याआधी. कंपोझिट असो की व्हिनिअर, त्याचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही. आणि ब्लीचिंगनंतर साधारण दोन आठवडे थांबून मगच भरायचं, नाहीतर पकड कमकुवत होते.

कॅप कधी

कॅपसाठी दात चहूबाजूंनी घासावा लागतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दाताच्या दिसणाऱ्या भागाचं किती वजन घासण्यात जातं ते मोजलं होतं: व्हिनिअरमध्ये ३ ते ३० टक्के, पूर्ण कॅपमध्ये ६३ ते ७२ टक्के. पुढच्या जिवंत दाताच्या लहान टवक्यासाठी कुणी थेट कॅप सुचवली तर दुसरा सल्ला घ्यावा, इतका हा फरक मोठा आहे.

दाढेचा हिशेब मात्र उलटा. डाळीतला खडा किंवा सुपारी चावताना दाढेचा कंगोरा उडतो, तेव्हा बऱ्याचदा आत जुनी मोठी चांदी भरलेली असते आणि भिंती पातळ झालेल्या असतात. तिथे नुसतं सिमेंट चावण्याच्या जोराखाली टिकत नाही. कंगोरे झाकणारं ऑनले किंवा कॅप तिथे दात वाचवते. घास चावून दाब सोडताना कळ येत असेल तर तडा खोल असण्याची शक्यता आहे, मग टाळाटाळ नको. मागच्या दाढेला कोण पाहतंय? तिथे साधी धातूची कॅपही उत्तम, आणि तिच्यासाठी दात घासावाही कमी लागतो. झिर्कोनियाची, म्हणजे पांढऱ्या कठीण सिरॅमिकची, कॅप दिसायला चांगली आणि मजबूत. धातूवर चिनी मातीचा थर असलेली कॅप स्वस्त पडते, पण हिरडी मागे सरकली की कडेला करडी रेघ दिसते. पुढच्या दाताला ती मी टाळेन.

रूट कॅनालची घाई

नस उघडी पडली म्हणजे रूट कॅनाल ठरलेलंच, असं नाही. मुलांमध्ये तर शक्यतो नकोच. वरचे पटाशीचे कायमचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात आणि त्यांची मुळं पुरी व्हायला पुढे दोन-तीन वर्षं लागतात. या काळात नसेचा वरचा थोडासा भाग काढून वर औषधी सिमेंटचं झाकण घालतात, म्हणजे आतली नस जिवंत राहून मूळ वाढू शकतं. वर कंपोझिट. व्हिनिअर आणि कॅपचा विषय मुलगा किंवा मुलगी वयात आल्यावर, हिरडीची जागा पक्की झाल्यावर काढायचा.

मार लागलेला दात सुरुवातीचे काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत, गारव्याच्या तपासणीला दादच देत नाही, आणि तरीही तो जिवंत असू शकतो. तेवढ्या एका खुणेवर रूट कॅनाल करायचं नसतं. उलट बाजूही खरी आहे: आज न दुखणारा दात काही महिन्यांनी करडा पडतो किंवा हिरडीवर पुळी येते. म्हणून भरून झालं तरी सहा ते आठ आठवड्यांनी आणि वर्षाने एक्स-रेसह तपासणी करून घ्या.

खर्च

दर गावोगावी आणि दवाखान्यागणिक इतके बदलतात की आकडा देऊन तुमची फसगतच होईल. क्रम मात्र बदलत नाही. पॉलिश सर्वांत स्वस्त, मग तुकडा चिकटवणं आणि कंपोझिट, त्यापुढे कॅप आणि व्हिनिअर, जे कंपोझिटच्या कित्येक पट पडतं. विचारताना ‘याची दुरुस्ती करावी लागली तर किती?’ हेही विचारा. हात आखडता असेल तर दंत महाविद्यालयं आहेत: मुंबईत फोर्टचं शासकीय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर व छत्रपती संभाजीनगरची शासकीय, गोव्यात बांबोळीचं. तिथे वेळ जातो, फेऱ्या होतात, विद्यार्थ्यांच्या हातून काम होतं. पण वर शिक्षकांची नजर असते आणि कंपोझिटसारखं काम तिथे निश्चिंतपणे करून घ्यावं.

काम झाल्यावर खुर्चीतून उठण्याआधी चावा तपासायच्या निळ्या कागदावर चावून पाहाल तेव्हा नुसतं वर-खाली नव्हे, खालचा जबडा पुढे सरकवूनही चावा. नवा कोपरा बहुतेक वेळा त्याच हालचालीत आपटतो आणि पुन्हा उडतो. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला वाटत असेल, किंवा रात्री दात खाल्ल्याचा आवाज घरच्यांना ऐकू येत असेल, तर त्याच भेटीत नाइट गार्डचं, म्हणजे झोपताना दातांवर घालायच्या संरक्षक आवरणाचं, माप देऊन या.